सफारीची आखणी : सेरेंगेटीची आणि तानसाची

'सफारी' हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ नुसता 'प्रवास' एवढाच आहे. अरबी भाषेतील 'सफर' हा शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला आणि त्याचा 'सफारी' झाला. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि सफरच राहिला. पुढे शिकारी साहेबांनी सफारीला बंदूक जोडली. आज बंदुकीच्या जागी दुर्बीण आणि कॅमेरा आला आहे.

आता असे समजा की, भिवंडीतील एखाद्या शाळेच्या नववीच्या वर्गाने ठरवले, आपण आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या अभयारण्याची सफारी आखायची. जायचे नाही, नुसती कागदावर आखायची. खर्च शून्य! पण आखणी खरी हवी : कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कशाच्या भरवशावर. हा खेळ करून पाहिला तर सहज लक्षात येते की, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर प्रवासी कंपनीच्या रंगीत पत्रकात नसते. ते भूगोलाच्या आणि जीवशास्त्राच्या पुस्तकात असते.

सेरेंगेटी हे टांझानिया देशातील राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आजचा ठाणे जिल्हा त्यात साडेतीन वेळा मावेल. विषुववृत्तापासून ते जेमतेम दोन-तीन अंश दक्षिणेला आहे. त्यामुळे तेथे आपल्यासारखा उन्हाळा-हिवाळा नाही. बारा महिने तापमान साधारण सारखेच. मग ऋतू कशाने ठरतात? पावसाने. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात थोडा पाऊस आणि मार्च ते मे मोठा पाऊस असे तेथले गणित. पण तोही सगळीकडे सारखा पडत नाही. आग्नेयेकडील मैदानावर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तर वायव्येकडे त्याच्या दुपटीहून अधिक.

आग्नेयेच्या मैदानाखाली ज्वालामुखीची राख आहे. तीत कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून तिच्यावर उगवणारे आखूड गवत दुभत्या मादीला फार मानवते. पाऊस पडला की सुमारे तेरा लाख नू, ज्यांना वाइल्डबीस्ट असेही म्हणतात, झेब्र्यांच्या कळपांसह या मैदानावर येतात. फेब्रुवारीच्या सुमारास अवघ्या दोन-तीन आठवड्यांत त्यांची बहुतेक पिले जन्मतात. सिंह आणि तरसांनी कितीही खाल्ली तरी एवढ्या थोड्या दिवसांत ते किती खाणार? बाकीची वाचतात. पाऊस सरला की मैदानावरचे पाणी आटते, उरते ते खारट होते, आणि कळप पश्चिमेकडून उत्तरेकडे सरकत जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान मारा नदीवर पोहोचतात. नदीपलीकडे केनिया देशाचे मसाई मारा.

तेव्हा आपल्या वर्गाने "नूंची पिले पाहायची" असे ठरवले तर फेब्रुवारी आणि दक्षिणेचे मैदान. "नदी ओलांडणारे कळप पाहायचे" असे ठरवले तर ऑगस्ट-सप्टेंबर आणि उत्तरेची सीमा. मे महिन्याच्या सुटीत जाऊ म्हणाल तर मोठ्या पावसाचा चिखल! आपली सुटी शाळा ठरवते, नूची सहल गवत ठरवते.

एक गोष्ट पत्रकात बारीक अक्षरांत असते. मुंबईहून नैरोबी सुमारे साडेचार हजार किलोमीटर. विमान सहा-सात तासांत पोहोचवते. पण केनियात पीतज्वराचे विषाणू आहेत आणि आपल्या देशात ते नाहीत. ते पसरवणारा एडिस डास मात्र भिवंडीच्या पाण्याच्या पिंपांत सुखाने नांदतो. डेंग्यू पसरवणारा डास तो हाच. डास आहे, विषाणू नाही. तो एकदा आत आला की काय होईल याची कल्पना करा. म्हणून तेथून परतणाऱ्याने निदान दहा दिवस आधी पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखला दाखवावा, असा आपल्या सरकारचा नियम आहे. दहा दिवस का, तर शरीरात पुरेशी प्रतिद्रव्ये तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

तेच प्रश्न, जवळचे जंगल

आता हाच कागद उलटा करू आणि तेच प्रश्न जवळच्या जंगलाला विचारू. भिवंडीच्या पश्चिमेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. तेथे २००३ साली अभयारण्य झाले. पण आपण ईशान्येला वळू. सरळ रेषेत ३५ किलोमीटरच्या आसपास तानसा तलाव लागतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर तुमच्यापैकी अनेक जण गेले असतील. त्या कुंडांशेजारून वाहणारी नदी ती हीच तानसा. भिवंडी तालुक्यातून मुंबईकडे जाणारे, माणूस आत उभा राहील एवढाले लोखंडी नळ पाहिले असतील. तानसाचे पाणी त्या नळांनीच जाते. धरण १८९२ सालचे. तानसा आणि मोडकसागर या तलावांचे पाणलोट आणि भोवतीचे शहापूर, वाडा, मोखाडा तालुक्यांतील जंगल मिळून १९७० साली तानसा अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे ३२० चौरस किलोमीटर. सेरेंगेटी याच्या पंचेचाळीस पटींहून मोठे.

येथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे. असे हवामान सागाला, ऐनाला, कळंब, हेद, धावडा, मोह, पळस यांना मानवते. पानांतून सारखी पाण्याची वाफ उडत असते. जमिनीतले पाणी कमी झाले की झाड पानेच गाळून टाकते. याला आपण पानगळीचे जंगल म्हणतो.

सेरेंगेटीच्या मैदानावर मैलभर लांबचा सिंह दिसतो. तानसात सप्टेंबर महिन्यात दहा पावलांवरचे भेकर दिसत नाही. येथे बिबट्या आहे, सांबर, भेकर, रानडुक्कर, तरस, साळिंदर, रानमांजर, उदमांजर आहे; पण सारे पानांच्या पडद्याआड. म्हणून येथे पाऊस कोठे पडतो हे पाहून भागत नाही, पडदा केव्हा उघडतो ते पाहावे लागते. फेब्रुवारी-मार्चपासून साग निष्पर्ण होतो, झाडांमधून दूरवर दिसू लागते. मात्र गळलेली सागाची पाने पापडासारखी वाजतात. आपल्याला दिसू लागते तेव्हाच त्यांना आपण ऐकू येऊ लागतो! तेव्हा चालत हिंडण्यापेक्षा एका जागी बसणे शहाणपणाचे.

बसायचे कोठे? एप्रिल-मेमध्ये ओढे सुकतात, डोहांत थोडे पाणी उरते. जंगलभर पसरलेले प्राणी दिवसरात्रीत केव्हा तरी या मोजक्या पाणवठ्यांवर येतात. सेरेंगेटीत लाखो जनावरे पाण्यामागे शेकडो किलोमीटर जातात. तानसात तीच गोष्ट दोन-चार किलोमीटरांत घडते. प्रमाण लहान, नियम तोच.

मचाणावरची रात्र

महाराष्ट्राच्या वन विभागाने वर्षानुवर्षे याच नियमाचा उपयोग करून घेतला आहे. वैशाखी पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री तानसासह अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांशेजारी मचाणे बांधतात आणि रात्रभर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. अलीकडे तिला 'निसर्गानुभव' म्हणतात.

वैशाखी पौर्णिमाच का, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात जरूर विचारावा. वैशाखात पाणी सर्वांत कमी, हे एक. पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य मावळताना तो उगवतो आणि सूर्य उगवताना मावळतो. म्हणून सबंध रात्र उजेड मिळतो, हे दुसरे. पूर्ण चंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडाच्या सुमारे चार लाखांश असतो, तरी डोळे सरावल्यावर पाणवठ्यावरचे सांबर आणि रानडुक्कर वेगळे ओळखता येते. विजेरी लावली की सरावलेले डोळे पुन्हा आंधळे होतात आणि पुढची वीसेक मिनिटे फुकट जातात.

विजेरीच्या झोतात प्राण्यांचे डोळे चमकतात हे तुम्ही मांजरात पाहिले असेल. दृष्टिपटलामागे त्यांना आरशासारखा एक थर असतो; आत आलेला प्रकाश तो पुन्हा दृष्टिपटलावर पाठवतो, म्हणजे तोच उजेड दोनदा वापरला जातो. आपल्याला हा थर नाही. अंधारात बिबट्या आपल्याला कधीच पाहून चुकलेला असतो.

कपडे कोणत्या रंगाचे घालायचे? हिरवे-खाकी, असे सगळे सांगतात. कारण मात्र सहसा कोणी सांगत नाही. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन नव्हे, दोनच प्रकारच्या असतात. तांबडा आणि हिरवा यांतला भेद त्यांना नीट कळत नाही. निळा आणि पांढरा मात्र झटकन दिसतो. म्हणजे शाळेचा पांढरा सदरा सर्वांत वाईट.

डोळ्यांपेक्षाही भीती नाकाची. पाणवठा बहुधा खोलगट जागी असतो. सूर्य मावळला की उतारावरची हवा आधी थंड होते, जड होते आणि हळूहळू खाली घळीत उतरते. वरच्या अंगाला बसलेल्या माणसाचा वास ती आयता पाणवठ्यावर नेऊन पोहोचवते. म्हणून बसण्यापूर्वी चिमूटभर बारीक माती सोडून वारा पाहावा. मचाण उंच असते ते केवळ बिबट्याच्या भीतीने नव्हे. वास डोक्यावरून निघून जावा हाही हेतू असतो. तेल, अत्तर, चिवडा यांना मचाणावर बंदी हवी. चिवडा तर दुहेरी गुन्हेगार : वासही आणि आवाजही.

रात्री कान उघडे ठेवले तर डोळ्यांना आधी सूचना मिळते. भेकर कुत्र्यासारखे भुंकते, सांबर एकदाच 'ढांक' असा मोठा आवाज काढते, झाडावरची वानरे खाकरल्यासारखी ओरडतात. शहापूरकडच्या ठाकूर, वारली, कातकरी वाड्यांतील जाणत्या माणसांना आवाजावरून जनावर कोठून कोठे चालले आहे हेही सांगता येते. अशा एखाद्या माणसाला वाटाड्या म्हणून घ्यावे आणि त्याचे ऐकावे. चार पुस्तके वाचून जे कळणार नाही ते एका रात्रीत कळते.

सकाळी वह्या एकत्र करायच्या आणि बेरीज करायची. पण या बेरजेवर किती विश्वास ठेवायचा? रात्री नऊ वाजता पाणी प्यायलेले सांबर पहाटे तीनला पुन्हा आले तर त्याची नोंद दोनदा होते. दोन पाणवठे जवळजवळ असतील तर दोन वह्यांत एकच डुक्कर असू शकते. उलट, ज्याला त्या रात्री तहानच लागली नाही, तो प्राणी जंगलात असूनही वहीत नसतो. म्हणून पाणवठ्यावरची बेरीज म्हणजे जंगलातील प्राण्यांची संख्या नव्हे. तीच पद्धत दरवर्षी त्याच पाणवठ्यांवर वापरली तर आकडा वर जातो की खाली, याचा थोडाफार अंदाज येतो, इतकेच.

मग खरी मोजणी कशी करतात? बिबट्याच्या अंगावरचे ठिपक्यांचे झुपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात. एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. वाटेवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले की कोणता बिबट्या पुन्हा आला ते ओळखता येते. पुढचे आकडे नुसते हिशेबासाठी घेऊ. पहिल्या फेरीत ६ वेगवेगळे बिबटे टिपले. दुसऱ्या फेरीत ५ टिपले, त्यांतले ३ आधीचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीत आलेल्यांपैकी ३/५ ओळखीचे. पहिले ६ हे एकूण संख्येच्या ३/५ असावेत असे धरले, तर एकूण ६ × ५ ÷ ३ = १० बिबटे. चार बिबटे कॅमेऱ्याला पहिल्या वेळी चुकले असतील, त्यांपैकी दोन... थांबा, हे तुम्हीच करा : दोन फेऱ्यांत मिळून किती बिबटे दिसले आणि किती दिसलेच नाहीत? वाघांच्या देशव्यापी मोजणीत २००६ पासून पंजाच्या ठशांची जुनी पद्धत सोडून कॅमेऱ्यांची पद्धत घेतली, तिच्या मुळाशी याच त्रैराशिकाची सुधारलेली आवृत्ती आहे.

चुकीच्या चिठ्ठीने हरवलेला पक्षी

येथवर आपण सारी आखणी इतरांच्या नोंदींवर केली. नूंचा मार्ग, पाणवठ्यांच्या जागा, सागाच्या पानगळीचा महिना, सगळे कोणी तरी पाहून लिहून ठेवलेले. ती नोंदच खोटी असेल तर? तसे एकदा घडले आहे, आणि त्या गोष्टीचा शेवटचा धागा तानसापर्यंत येतो.

आपल्याकडे पिंगळा नावाचे लहान घुबड आहे. त्याचा एक भाईबंद म्हणजे रानपिंगळा. लांबी वीतभर, सुमारे २३ सेंटिमीटर. डोक्यावर पिंगळ्यासारखे ठळक ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पंजे भलतेच दणकट. अॅलन ह्यूम यांनी १८७३ साली आजच्या छत्तीसगडमधील एका नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला मिळेना. जगातील संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने उरले.

एक नमुना मात्र १९१४ सालचा होता. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर गुजरातमधील मांडवी असे गाव लिहिलेले, आणि गोळा करणारे होते कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन. मोठे नाव! या चिठ्ठीवर भरवसा ठेवून शोधणाऱ्यांनी आखण्या केल्या, गुजरातचे रान पालथे घातले, पक्षी मिळाला नाही. पक्षी नामशेष झाला असावा, असे बहुतेकांनी धरले.

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांना त्या नमुन्याबद्दल संशय आला. बारकाईने तपासल्यावर दिसले की, पक्ष्याचे कातडे उसवून पुन्हा भरलेले आहे आणि मूळच्या तयारीच्या खुणा डेव्हिडसन यांच्या पद्धतीच्या आहेत. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला जुना नमुना उचलून त्यावर आपली खोटी चिठ्ठी बांधली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवल्यावर नकाशा बदलला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांच्या मागे निघाले. पूर्वेकडच्या जागी काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा, एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

'भर दिवसा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. घुबड म्हटले की आपण रात्रीची आखणी करतो; पण रानपिंगळा सकाळच्या उन्हात सरडे आणि उंदीर पकडणारा पक्षी आहे. पुढे मेळघाटात तो बऱ्यापैकी असल्याचे आढळले. आणि २०१४ साली तो तानसा अभयारण्यात दिसला. त्याआधी इतक्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या या बाजूला तो असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या, शंभर वर्षे माणसांच्या येण्याजाण्यातल्या जंगलात तो बसला होता. बिबट्यासाठी रात्री मचाणावर बसणाऱ्यांना तो दिसण्याचे कारण नव्हते; दिवसा येणाऱ्यांना तो साधा पिंगळा वाटला असेल. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोली लागतात. जुना साग तुटला की ढोल गेली, असा सरळ हिशेब आहे.

म्हणून तानसाची आखणी करताना आपल्याला दोन वेगवेगळे कागद करावे लागतील. बिबट्या-सांबरासाठी वैशाखातली रात्र आणि पाणवठा. रानपिंगळ्यासाठी डिसेंबर ते मार्चमधली सकाळ, विरळ झालेला साग आणि ऊन खाणारी उघडी फांदी. दोन्ही एकाच सहलीत करू म्हणाल तर दोन्ही हुकतील.

आणि तिसरा कागद आपल्या संख्येचा. मसाई मारात चित्त्यांच्या माद्यांचा अभ्यास करून २०१८ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहा : जेथे पर्यटकांच्या गाड्या कमी, तेथे एका मादीची सरासरी २.३ पिले वाढून स्वतंत्र झाली. जेथे गाड्यांची गर्दी, तेथे अवघी ०.२. चित्ता दिवसा शिकार करतो. गाड्यांच्या घेऱ्यात सावज सावध होते, शिकार साधत नाही. त्या गाड्यांत बसलेल्यांपैकी कोणालाही चित्त्याचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते. प्रत्येकाला फक्त थोडे जवळून पाहायचे होते. रानपिंगळ्याच्या ढोलीखाली पन्नास मुले उभी राहिली तर काय होईल, याचा प्रयोग करून पाहू नये. आठ-दहा जणांचा गट पुष्कळ झाला. ढोल सापडली तर लांबूनच पाहून निघावे, आणि तिचा नेमका ठिकाणा वन विभागाखेरीज कोणाला सांगू नये.

बाकी तयारी साधी आहे. भिवंडीहून कल्याणला जाऊन कसाऱ्याची लोकल धरावी आणि आटगावला उतरावे, किंवा पडघ्यावरून शहापूरच्या रस्त्याने जावे. वन विभागाची परवानगी आधी काढावी. पायांत बूट हवेत. फुरसे आणि घोणस पाचोळ्यात दिसत नाहीत. पाणी भरपूर. आणि वही. तिच्यात तारीख, वेळ, जागा, कोणत्या झाडावर किंवा कोणत्या पाण्यावर, किती अंतरावरून, किती वेळ दिसले ते लिहावे. ओळख पटली नसेल तर 'पिंगळा किंवा रानपिंगळा, खात्री नाही' असे लिहावे आणि डोक्यावर ठिपके होते की नव्हते ते शेजारी काढून ठेवावे. काहीच दिसले नाही तर 'सात ते साडेनऊ बसलो, काही दिसले नाही' हेही लिहावे. पुढच्या वर्षीचा नववीचा वर्ग आखणीला बसेल तेव्हा ती वही त्यांना लागेल.